एका श्वासाच्या दोन नोंदी

बजरंग तिवल्यांच्या ऋतुराजचं लग्न झालं ते साल दोन हजार एकेचाळीस. मुलगी बाहेरची नव्हती. हिंदुराव खोताची सानिका. हिंदुराव म्हणजे बजरंगचा चाळीस वर्षांचा जोडीदार. विशी ओलांडायच्या आत दोघं एकाच दिवशी एका फाउंड्रीत वाळू चाळायला लागले होते. पुढं बजरंगनं पंचगंगेच्या पलीकडं जागा घेऊन स्वतःची लहानशी फाउंड्री काढली, तेव्हा पहिला माणूस म्हणून आणला तो हिंदुरावला. त्यामुळं लग्नात कोण कुणाचा पाहुणा तेच कळेना. हिंदुराव मुलीचा बाप असून वाढप्यांवर ओरडत होता, आणि बजरंग मुलाचा बाप असून मांडवाच्या दारात उभा राहून लोकांना जेवून जा म्हणत होता.

त्याच साली, लग्नाच्या दोन महिने आधी, फाउंड्रीच्या फाटकावर फुंकणी बसली.

यंत्राचं खरं नाव लांबलचक होतं, पण कामगारांनी पहिल्याच दिवशी त्याची फुंकणी करून टाकली. पडदा लावलेली लहान खोली, भिंतीला पेटी, पेटीला नळी. आपलं कार्ड पेटीत घालायचं, नळी तोंडात धरायची आणि छातीत असेल नसेल तेवढी हवा फुंकायची. महिन्याच्या एक तारखेला, शेडमध्ये पाय टाकणाऱ्या प्रत्येकानं. मालकानं आणि मालकाच्या मुलानंसुद्धा.

फुंकणीमागचं शास्त्र कळायला अवघड नाही. ओतकामाचा साचा वाळूचा असतो. वाळू रगडताना, चाळताना, तापलेलं कास्टिंग साचा फोडून काढताना जी धूळ उडते, तिचे सगळ्यांत बारीक कण डोळ्याला दिसत नाहीत. ते नाकातल्या केसांत अडकत नाहीत, खोकल्यानं बाहेर पडत नाहीत. फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसतात. शरीर त्या कणाभोवती व्रण धरतं, व्रणावर व्रण चढतो आणि मऊ फुप्फुसाचं हळूहळू चामडं होतं. क्ष-किरणांच्या फोटोत हे दिसायला दहा-दहा वर्षं लागतात, आणि दिसतं तेव्हा वेळ गेलेली असते. पण व्रण धरायला लागलं की माणसाच्या श्वासातले वायू बदलतात. अगदी किंचित, तलावात मिठाचा एक खडा टाकावा इतके. पेटीतल्या कार्बनच्या पापुद्र्याला तेवढंही कळतं. मग दिवा लागतो आणि तोच रंग कार्डावर उमटतो. हिरवा असला तर ठीक. पिवळा लागला म्हणजे व्रण धरायला लागलाय. धुळीतून बाहेर निघा, औषध सुरू करा, माणूस वाचतो. तांबडा लागला तर औषधाचा उपयोग नाही.

यंत्राच्या मागोमाग श्वासनोंद कायदा आला. दिवा आधी कामगारानं बघायचा, मालकानं नंतर. पिवळा लागला तर पंधरा दिवसांच्या आत त्याला स्वच्छ हवेच्या कामावर घ्यायचं, हुद्दा आणि पगार आहे तोच ठेवून. आणि एक कलम मुद्दाम घातलेलं होतं. प्रत्येक माणसाच्या श्वासाला त्याची अशी ठेवण असते, बोटाच्या ठशासारखी. ती ओळखायची नाही. माणसाचा श्वास त्याच्या मालकीचा. यंत्रानं फक्त रंग सांगावा, माणूस कोण ते कार्डावरून समजावं.

बजरंगनं शेडच्या टोकाला काचेची खोली बांधली. आत गाळलेली हवा, साचे पाडायचे लाकडी पॅटर्न ठेवायला रॅक, बसायला खुर्ची. स्वतःचा बाप खोकून खोकून गेलेला त्यानं बघितला होता, म्हणून कायद्यात सांगितली नव्हती एवढी मोठी खोली बांधली. कामगारांनी तिला नाव ठेवलं आजोळ. कुणाचा पिवळा लागला की बाकीचे म्हणायचे, ‘‘चालला बघा आजोळाला, आता खातोय दूधभात.’’ म्हणणाऱ्याला हसू यायचं, जाणाऱ्याला नाही. काचेतून सगळ्या शेडला दिसायचं कोण आत बसलाय. कायद्यानं रंग गुप्त ठेवला होता, पण काच गुप्त नव्हती.

आणि तो रंग पहिल्याच महिन्यात सोयरिकीपर्यंत गेला होता. ऋतुराज-सानिकाच्या बैठकीत बजरंगचा चुलतभाऊ विलासराव सुपारी फुटायच्या आधी म्हणाला, ‘‘सगळं बराबर हाय, पर पोरीच्या बापाचं कार्ड बघितलंय का कुणी?’’

बजरंग खवळला. ‘‘इलास, धुळीनं झालेला आजार रक्तात उतरतोय व्हय रं? कुठल्या साळंत शिकलास?’’

‘‘आगा, मी इचारतोय फकस्त. लोकं इचारत्यात.’’

हिंदुरावनं खिशातून कार्ड काढलं आणि पानाच्या तबकात ठेवलं. हिरवं. विलासरावाचं तोंड बंद झालं, आणि बजरंगची छाती अशी फुगली की जणू ते कार्ड त्याचंच होतं. ‘‘चाळीस वर्सं वाळूत हाय गडी,’’ तो सगळ्यांना सांगत सुटला, ‘‘आणि बघा!’’

लग्न झालं. तीन वर्षं गेली. दोघे व्याही एकमेकांना चारचौघांत ‘पाव्हणं’ म्हणायचे आणि शेडमध्ये ‘बजा’ आणि ‘हिंद्या’. हिंदुरावला मधूनमधून खोकला यायचा. तो म्हणायचा, तपकिरीचा हाय.

दोन हजार चव्वेचाळीसच्या जूनमध्ये कारखानदारांच्या संघटनेनं एक सभा ठेवली. बाहेर फलक होता : ‘मालकांनी जाणून घ्यावेत असे कामगार कायद्यातले नवे बदल’. बोलायला वकीलबाई होत्या, देशिंगकर. खुर्च्यांवर पन्नास-साठ मालक. निम्मे फोनमध्ये, निम्मे पोह्यांच्या वासाकडं तोंड करून.

‘‘आता काय मजुराच्या शिंकाबी मोजायच्या का हो बाई?’’ मागून कुणीतरी म्हणालं आणि हशा झाला.

‘‘शिंका नाही, श्वासच,’’ बाई शांतपणे म्हणाल्या. ‘‘आणि तो कुणाचा आहे, तेही. तुमच्यातल्या बऱ्याच ठिकाणी एक माणूस दुसऱ्याच्या कार्डावर फुंकतोय. माहीत आहे का तुम्हाला?’’

हशा थांबला.

बाईंनी बदल सांगितले. श्वासाची ठेवण ओळखायची नाही हे जुनं कलम आता सैल केलं होतं. प्रत्येक मालकानं नव्वद दिवसांच्या आत जुन्या सगळ्या नोंदी यंत्रातून पुन्हा फिरवायच्या. दोन नावांवर एकच श्वास सापडला तर सात दिवसांत कामगार आयुक्तांना कळवायचं. कळवणारा मालक सुटला. दुसऱ्याच्या नावावर फुंकणारा मात्र गुन्हेगार. ‘‘एक लक्षात ठेवा,’’ त्या शेवटी म्हणाल्या, ‘‘हा अहवाल मालकाला सावध करायला आहे. पुरावा म्हणून तो वापरायचा तर त्या कामगाराची संमती लागते. श्वास अजून त्याचाच आहे.’’

बजरंग खूष होऊन घरी आला. आपल्याकडं असलं काही नाही, ही त्याची खात्री. दुसऱ्या दिवशी ऋतुराज बाहेरगावी माल बघायला गेला होता, म्हणून पडताळणी त्यानं स्वतःच लावली. यंत्रानं दुपारपर्यंत वेळ घेतला आणि एका ओळीचा कागद दिला.

नोंद सात आणि नोंद एकतीस : एकच श्वास. अडतीस महिने.

सात म्हणजे हिंदुराव. एकतीस म्हणजे ऋतुराज.

बजरंगनं पहिल्यांदा यंत्राला शिव्या घातल्या. कंपनीला फोन लावला. तिथल्या मुलीनं सगळं तपासून सांगितलं, ‘‘काका, यंत्र बरोबर आहे. सात नंबरचा खरा श्वास आमच्याकडं फक्त पहिल्या महिन्याचा आहे. त्यानंतरचा एकही त्यांचा नाही.’’

‘‘पहिल्याचा रंग?’’

‘‘तो त्याच दिवशी रद्द करून दुसऱ्यांदा फुंकलंय. रद्द झालेल्याचा रंग आम्हाला दिसत नाही.’’

बजरंगनं तारीख बघितली. बैठकीच्या आधी चार दिवस.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो फाटकावर उभा राहिला. हिंदुराव आला, डबा हातात, टोपी मागं सरकलेली.

‘‘काय पाव्हणं, आज राखण करायलाइसा?’’

‘‘हिंद्या, फुंक.’’

‘‘आज कुठं एक तारीख हाय?’’

‘‘नसू दे. माझ्याम्होरं फुंक.’’

हिंदुराव हसला. ‘‘माझ्यावर इस्वास न्हाय व्हय रं तुझा?’’

मागं माणसं जमायला लागली होती. हिंदुरावनं त्याच्या तोंडाकडं बघितलं, आणि त्याला सगळं कळलं. त्यानं डबा खाली ठेवला, पडदा बाजूला केला. बजरंगही आत शिरला; कायद्यानं शिरायला नको होतं. हिंदुरावनं कार्ड घातलं, नळी धरली आणि फुंकलं. मध्येच खोकला आला. यंत्रानं पुन्हा फुंकायला सांगितलं. त्यानं पुन्हा फुंकलं.

दिवा तांबडा लागला.

हिंदुरावनं नळी पुसून जागेवर ठेवली. मग यंत्राची चूक समजावून सांगावी तसा म्हणाला, ‘‘पिवळा हुता की रं. मला पिवळा म्हाईत हुता.’’

‘‘तीन वर्सामागं हुता.’’

‘‘एकदाच फुंक म्हणलो हुतो मी पोराला. बैठकीपुरतं. लगीन झाल्यावर तुला सांगणार हुतो. मग वाटलं, आता एकदम पिवळा दाखवला तर इलास म्हणंल, तबकातलं कार्ड खोटं हुतं. सानिकाला आयुष्यभर ऐकावं लागंल. मग ह्या महिन्याला नको, फुडल्या महिन्याला...’’ तो थांबला. ‘‘दुखत काय नव्हतं रं.’’

त्यांच्या तरुणपणी फाउंड्रीत एक रीतच होती. जोडीदाराला शेतावर जायचं असलं, बहिणीकडं जायचं असलं, की त्याचं हजेरीचं कार्ड आपण दाबायचं. बजरंगचा बाप दवाखान्यात होता तेव्हा हिंदुरावनं सव्वा महिना त्याची हजेरी लावली होती. त्याशिवाय बजरंगची नोकरी टिकली नसती. कार्ड दाबणं हे खोटं असं दोघांनाही कधी वाटलं नव्हतं. ते जोडीदाराचं काम होतं. ऋतुराजला ती गोष्ट हिंदुरावनंच लहानपणी मांडीवर घेऊन सांगितली होती. पण हजेरीचं कार्ड दाबल्यानं कुणाच्या छातीत धूळ जात नव्हती.

दुपारी बजरंग घरी गेला. बायको मालन भाकऱ्या थापत होती, सानिका कांदा चिरत होती. सातवा महिना लागलेला.

‘‘हिंद्याचा तांबडा लागला,’’ तो दारातच म्हणाला.

सानिकाच्या हातातली सुरी थांबली. तिनं सासऱ्याकडं बघितलं नाही, सासूकडं बघितलं. आणि मालननं नवऱ्याकडं बघायच्या ऐवजी तव्यावरची भाकरी उलटली. बजरंगला तेवढं पुरलं.

‘‘तुलाबी म्हाईत हुतं?’’

‘‘अवं, जेवून घ्या आधी...’’

‘‘मालन, म्हाईत हुतं का?’’

‘‘हुतं.’’

‘‘आणि हिला?’’

‘‘मामा,’’ सानिका रडत म्हणाली, ‘‘बाबांनी शपथ घातली होती. तुम्हाला सोडून सगळ्यांना माहीत होतं.’’

तुम्हाला सोडून. बजरंग उंबऱ्यावरच बसला.

‘‘मला का न्हाय सांगितलंसा?’’

‘‘कसं सांगायचं?’’ मालन आता उसळली. ‘‘तुमी कायद्याचं माणूस. सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी भाऊजींना शेडबाहेर काढलं असतंसा. त्या काचंत बसवलं असतंसा, समद्यांच्या म्होरं.’’

‘‘काढलं असतं,’’ बजरंग म्हणाला. ‘‘आणि आज औषध खाऊन धडधाकट फिरत असता तो.’’

भाकरी करपल्याचा वास आला तरी कुणी उठलं नाही.

संध्याकाळी ऋतुराज आला. बापानं कागद पुढं केला. त्यानं वाचला, घडी घातली, परत दिला.

‘‘पप्पा, मी त्यांना दर महिन्याला म्हणायचो, आता सांगूया. ते म्हणायचे, पुढच्या महिन्यात.’’

‘‘तू त्येंचा जावई झालास. माझा कोण हायस?’’



बजरंगनं देशिंगकर बाईंना फोन लावला आणि काही न लपवता सगळं सांगितलं. बाई म्हणाल्या, ‘‘तिवले, हा अहवाल फक्त तुमच्याकडं आहे. मी तुमची वकील म्हणून सांगते, कळवलंत तर तुम्ही सुटता आणि मुलगा अडकतो.’’

‘‘माझं सोडा. तांबड्यावर काय विलाज हाय का?’’

इलाज होता, पण नवा होता. पुण्यातल्या एका रुग्णालयात रोग्याच्याच पेशींपासून फुप्फुसाचं अस्तर वाढवून आत बसवत होते. दहातली चार माणसं उठून चालायला लागत. पण रांग मोठी होती आणि रांगेत आधी घ्यायचे ते कामावर आजार लागलेले. तसा दाखला आयुक्त देत, श्वासाच्या नोंदी बघून. हिंदुरावच्या नोंदी अडतीस महिने हिरव्या आणि एकदम तांबडी. धुळीचा आजार असा उडी मारून येत नाही. त्या नोंदी बघून कुणीही म्हणेल, हा दुसराच काही रोग आहे. दाखला हवा असेल तर हिरव्या नोंदी खोट्या आहेत हे मांडायला हवं. म्हणजे कुणी फुंकल्या तेही सांगायला हवं. आणि हिंदुरावनं संमतीची सही करायला हवी.

बजरंगनं पाचव्या दिवशी कळवलं. अर्जात मुलाचं नाव त्यानं स्वतःच्या हातानं लिहिलं.

त्याच दिवशी तो हिंदुरावच्या घरी गेला. अंगणात खाट टाकलेली, हिंदुराव उशीला टेकून बसलेला.

‘‘पोराला दिलास, बजा?’’

‘‘तुला वाचवायला दिला. ऋतूला वकील हाय, पयलीच चूक हाय, सुटंल तो वर्साभरात. तू न्हाय सुटणार. सही कर.’’

‘‘माझी लेक पोटुशी हाय आणि तिच्या दाल्ल्याला मी आत घालू?’’

‘‘चार माणसं उठत्यात हिंद्या, धातली चार!’’

‘‘सा मरत्यात की.’’ हिंदुराव हसला, हसता हसता खोकला, आणि खोकला थांबल्यावर म्हणाला, ‘‘तू लई शाणा झालास मालक झाल्यापास्नं. च्या घे आणि जा घरला.’’

बजरंगनं चहा घेतला नाही.

सुनावणी जुलैच्या शेवटी झाली. सहायक आयुक्त समजूतदार बाई होत्या. त्यांनी हिंदुरावला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, अहवाल समजावून सांगितला. विचारलं, ‘‘खोत, या अडतीस नोंदी तुमच्या आहेत का?’’

बजरंगनं त्याच्याकडं बघितलं. मनात म्हणत होता, न्हाय म्हण. एकदा न्हाय म्हण.

‘‘माझ्याच हायत्या बाई. मीच फुंकलंय दर महिन्याला. मशीन खोटं बोलतंय.’’

‘‘असं म्हणालात तर तुम्हाला दाखला मिळणार नाही. कळतंय ना?’’

‘‘कळतंय.’’

‘‘पडताळणीला संमती?’’

‘‘न्हाय.’’

बाई ऋतुराजकडं वळल्या. बजरंगला अजून आशा होती. सही नसली तरी फुंकणाऱ्यानं कबूल केलं तर नोंदी खोट्या धरता येत होत्या. देशिंगकर बाईंनी हे आधीच सांगितलं होतं. सगळं आता पोराच्या एका वाक्यावर होतं.

‘‘ऋतुराज तिवले, तुम्ही खोत यांच्या कार्डावर फुंकलंत का?’’

ऋतुराजनं सासऱ्याकडं बघितलं. हिंदुरावनं किंचित मान हलवली.

‘‘नाही,’’ ऋतुराज म्हणाला. ‘‘मी कधीच फुंकलं नाही.’’

बाईंनी चष्मा काढला. ‘‘तिवले,’’ त्या बजरंगला म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज पहिल्यासारखा राहिला नव्हता, ‘‘कळवणारा मालक सुटतो म्हणून काही जण घाईनं कुणाचंही नाव देतात. तुम्ही तर मुलाचं दिलंत.’’

तीन ओळींचा निकाल झाला : अहवाल यंत्राच्या दोषामुळं आला असावा, खोत यांचा आजार कामामुळं झाल्याचं सिद्ध होत नाही, प्रकरण बंद.

बाहेर जिन्यावर तिघंही थांबले. हिंदुरावला एका दमात जिना उतरता येत नव्हता. ऋतुराजनं त्याचा हात खांद्यावर घेतला. बजरंग पुढं झाला तसा हिंदुराव म्हणाला, ‘‘ऱ्हाऊ दे. पोरगा हाय.’’ ते दोघं सावकाश एकेक पायरी उतरत गेले. बजरंग वर उभा राहिला.

शेडमध्ये बातमी त्यांच्या आधी पोचली होती. मालकानं स्वतः सुटायला पोराला पुढं केलं, असं लोक बोलायला लागले. कुणी तोंडावर बोललं नाही. फक्त तो जवळ आला की बोलणं थांबायचं. ऋतुराज आणि सानिका महिन्याभरात खोतांच्या घरी राहायला गेले, त्यांना मदत म्हणून. मालनही बाळंतपणाला म्हणून तिकडं गेली ती बारसं होईपर्यंत आली नाही. मुलगी झाली. बारशाला बजरंगला बोलावणं होतं. तो गेला, पाळण्यावर हात ठेवला, लगेच परत आला.

नोव्हेंबरात एकदा तो हिंदुरावकडं गेला होता. नाकात नळी होती, पण बोलता येत होतं.

‘‘रागावलाइस?’’ हिंदुरावनं विचारलं.

‘‘व्हय.’’

‘‘लई?’’

‘‘चाळीस वर्सं जोडीदार म्हणलास. घरातल्या समद्यांना सांगितलंस आणि मला एकट्याला न्हाय. माझ्या पोराला माझ्यासमोर खोटं बोलाय लावलंस. आणि मला वाचवायची येळ आली तर वाचवूबी दिलं न्हाईस.’’

हिंदुरावनं दोनतीनदा श्वास घेतला. प्रत्येक वेळी खांदे वर उचलले जात होते. ‘‘तुला सांगितलं असतं,’’ तो म्हणाला, ‘‘तर तू बरोबर केलं असतंस. त्येचंच भ्या हुतं.’’

बजरंगला त्याचा हात धरावासा वाटला. त्यानं धरला नाही.

हिंदुराव गणपती खोत शनिवार, तीन डिसेंबर दोन हजार चव्वेचाळीस रोजी सकाळी सव्वाआठ वाजता आपल्या राहत्या घरी वारला. वय एकसष्ट. मृत्यूच्या दाखल्यावर कारण लिहिलं आहे : फुप्फुसाचा विकार, कामाशी संबंध नाही.